काळ्या वाघाची साक्ष

(शहापूर येथे वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसेच ठेवले आहे.)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या चौथीच्या वर्गात मी १९६८ साली होतो. पाऊस नुकताच सरला होता, भात निसवलं होतं. एका सकाळी प्रार्थना, पाढे सगळं आटपल्यावर डोंगराकडच्या ठाकरपाड्यावरचा एक मुलगा धापा टाकत दारात येऊन उभा राहिला. उशीर का झाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, वाटंला काला वाघ व्हता." आपल्याकडे 'ळ'चा 'ल' होतो हे या सभागृहात कुणाला सांगायला नको, पण हे छापलं जाणार आहे म्हणून सांगून ठेवतो. वर्ग खो खो हसला. उशिरा येणाऱ्याची गुरं सुटलेली असतात, आई आजारी असते, ओढ्याला पाणी असतं. काळा वाघ आजवर कुणी आणला नव्हता.

गुरुजी हसले नाहीत आणि छडीही उचलली नाही. त्यांनी खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "शेपूट काढ." पोरानं फळ्यावर लांबलचक शेपूट काढलं, टोकाला वर वळलेलं. "चालत होता की पळत?" "बसला व्हता." "किती लांब होता?" "हितून घंटंपातूर." गुरुजींनी मला उठवलं आणि वर्गाच्या दारापासून घंटेपर्यंत पावलं मोजायला लावली. बावीस भरली. मग त्यांनी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर एक नोंद केली. त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या चिरंजीवांनी मला दिली, ती ही. वाचतो: "काळे जनावर, मांजर जातीचे, आकार मोठा, शेपूट लांब, अंतर २२ पावले, वेळ उजाडताना. खरे असल्यास बिबळ्या."

'खरे असल्यास' या दोन शब्दांवर मी आज तासभर बोलणार आहे.

माझी ओळख करून देताना मला वन्यजीव अभ्यासक म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, साहेब त्याची वाक्यं सरळ करून सांगायचे आणि मी टंकायचो. एकतीस वर्षं शपथेवरचं बोलणं ऐकल्यावर एक गोष्ट कळते. खोटं बोलणारा साक्षीदार फारसा त्रास देत नाही, उलटतपासात तो बहुधा उघडा पडतो. खरी डोकेदुखी असते प्रामाणिक माणसाची, ज्यानं पाहिलंय आणि ज्याची चूकही होते आहे. तो घाम पुसत नाही, अडखळत नाही, देवाशपथ सांगतो, आणि आरोपीचा शर्ट निळा होता की हिरवा यात पार गंडलेला असतो. निवृत्तीनंतर मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फिरून काळ्या वाघाच्या साक्षी लिहून घ्यायला लागलो, त्या याच सवयीनं. दोन वह्या भरल्या आहेत. आरोपी अजून हजर झालेला नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की असा आरोपी जगात आहे का. आहे, पण आधी त्याच्या नावांचा घोळ सोडवायला हवा. आपल्या पाड्यांवर 'वाघ' म्हटलं की त्यात बिबट्याही आला. पट्टेवाला सांगायचा असेल तर 'ढाण्या वाघ' म्हणतात. 'बिबट्या' हा वर्तमानपत्राचा आणि वनखात्याचा शब्द, आणि रात्रीच्या वेळी तर यांतला कुठलाच शब्द कुणी काढत नाही, नुसतं 'जनावर' म्हणतात. त्यात इंग्रजीतला 'ब्लॅक पँथर' आला. मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्याला मी बावळटासारखं विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी पँथर पाहिलाय का?" ते म्हणाले, "बघितलाय की. ठाण्याच्या मोर्च्यात." त्यांचं बरोबरच होतं. मराठीत हा शब्द रुजला तो १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरमुळे, जंगलातून आलेला नाही. त्या दिवसापासून मी तो शब्द टाकून दिला.

पँथर म्हणून वेगळं जनावर नाही. काळा पँथर म्हणजे आपला बिबट्याच, अंगात काळं रंगद्रव्य जादा असलेला. त्याच्या अंगावर ठिपके असतात. ऊन तिरपं पडलं की रेशमी काळ्या साडीतल्या काळ्याच बुट्टीसारखे ते दिसतातही. हा रंग येतो एका जनुकातल्या बदलानं, आणि तो बदल दबून राहणारा आहे. कसा, ते तुम्हाला सातबाऱ्यावरून सांगतो. इतर हक्कात एखादं नाव पिढ्यान्‌पिढ्या पडून असतं, कसणारा दुसराच असतो, गावाला पत्ताही नसतो. तसं हे. आई ठिपक्यांची, बाप ठिपक्यांचा, पण दोघांच्याही उताऱ्यावर हे दबलेलं नाव असेल तर त्यांच्या प्रत्येक पिल्लाला काळं निघण्याची शक्यता चारात एक. भावंडं पिवळी आणि एक काळं असं एकाच वेतात होऊ शकतं. काळ्यांची वेगळी जात नाही की वेगळा मुलूख नाही.

जगभरच्या बिबट्यांत साधारण दहात एक काळा असतो असा अभ्यासकांचा हिशेब आहे, पण ते सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. मलेशियाच्या द्वीपकल्पात, क्राच्या चिंचोळीच्या दक्षिणेला, जवळजवळ सगळेच काळे आहेत. दाट, ओल्या, सदा अंधाऱ्या जंगलात काळ्याचं प्रमाण जास्त आणि कोरड्या उघड्या रानात कमी, असा ढोबळ कल दिसतो. आपल्या सह्याद्रीत दक्षिणेकडे उतरत गेलं की काळ्यांच्या नोंदी वाढतात. दांडेलीचा काली व्याघ्र प्रकल्प त्यासाठी प्रसिद्ध आहे, काबिनीचा काळा बिबट्या तर फोटोंमुळे जगाला माहीत झाला. पण कोरड्या चंद्रपुरातही, ताडोबात, २०१८ च्या उन्हाळ्यात भर दिवसा पर्यटकांनी काळा बिबट्या पाहिला आणि त्याचं चित्रण झालं. म्हणजे 'आमच्या रानात काळा शक्यच नाही' असं कुणी छाती ठोकून सांगू नये.

आणि काळा वाघ म्हणजे खरोखर पट्टेवाला काळा वाघ? तोही आहे, पण ओडिशातल्या सिमिलीपालला. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की पाठ काळी दिसते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली त्यामागचं जनुक शोधून दाखवलं. तो वेगळा बदल, वेगळी गोष्ट. शहापूरचा तिच्याशी संबंध नाही.

शहापूर-मुरबाडात बिबट्या आहे याला साक्षीदार लागत नाही. तानसा अभयारण्य, माहुलीचं रान, वर आजोबा पर्वत, तिकडे माळशेज, सिद्धगड, आणि पुढे भीमाशंकर. मधे गावं, रस्ते, धरणं आहेत, पण बिबट्याच्या दृष्टीनं हा सलग पट्टा आहे. पाऊस मुबलक. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं याच पावसावर भरतात आणि आमच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर येतो, ते असो. २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ बिबटे धरले आहेत, त्यांतले १,९८५ महाराष्ट्रात. या सगळ्याचा अर्थ एवढाच की खटला दाखल करून घेण्याजोगा आहे. आता साक्षी.

सगळ्या साक्षींत मला सगळ्यात मोलाची वाटते ती मोह वेचणाऱ्या एका बाईची. वय सत्तरीच्या घरात. चैत्राच्या तोंडाला मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडलं की शेळ्या येतात, म्हणून बायका अंधारात निघतात. या बाई एकट्याच होत्या. झाडाखाली वाकून वेचताना त्यांनी मान वर केली तर समोरच्या वारुळाला लागून जनावर उभं.

मी विचारलं, रंग? "काला. कोलशावानी." डोळे चमकले का? "डोलं नाय दिसलं. त्यानं माझ्याकडं बघितलाच नाय." हे उत्तर ऐकून मी सरसावून बसलो. बनवून सांगणारा माणूस डोळे कधी सोडत नाही. निखाऱ्यासारखे डोळे ही गोष्टीतली पहिली गरज असते. शेपूट? त्यांनी पदर सोडला आणि जमिनीला टेकेपर्यंत खाली लोंबवला, मग टोक थोडं उचलून धरलं. उंची? "वारुलाच्या बरूबर. पाठ आणि वारूल एक." आणि मग तुम्ही काय केलंत? बाई माझ्याकडे जरा कीव येऊन बघत म्हणाल्या, "काय करनार? मोह येचलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन तिथं गेलो. बरोबर सुतळी होती, मीटरमीटरवर गाठी मारलेली. बाईंनी अंतर सांगितलं होतं दहा हात. भरलं चौतीस मीटर. कोर्टात एवढ्यावर वकिलानं त्यांना सोलून काढलं असतं. पण अंतराची चूक इथं आडवी येत नाही, कारण बाईंनी उंची हातानं दाखवली नव्हती, वारुळाशी मोजली होती, आणि वारूळ जागेवर होतं. ते मी मोजलं: बासष्ट सेंटिमीटर. रानमांजर एवढं उंच नसतं. मोहाची फुलं खायला येणारं उदमांजरही काळपट असतं, शेपूट लांब असतं, माझा पहिला संशय त्याच्यावरच होता, पण ते वारुळाच्या निम्म्यालाही पोचणार नाही. कुत्रा पोचेल, पण कुत्र्याचं शेपूट जमिनीपर्यंत लोंबून टोकाला वर वळत नाही. आकारापुरती साक्ष मला मान्य झाली. ते जनावर बिबट्या होतं.

राहिला रंग. तिसऱ्या दिवशी पहाटे मी माझा हळदी रंगाचा टॉवेल त्या वारुळावर टाकला आणि मोहाखाली जाऊन बसलो. टॉवेल काळा. अगदी कोलशावानी. यात जादू नाही. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यातली रंग ओळखणारी यंत्रणा काम करत नाही, आणि त्यातही तांबडा, नारिंगी, पिवळा या बाजूचे रंग आधी विझतात. तिन्हीसांजेला परसातली जास्वंद बघा. पानं अजून दिसत असतात, फूल मात्र काळं पडलेलं असतं. बिबट्याचा रंग त्याच बाजूचा. हळूहळू उजाडत गेलं, टॉवेल आधी मळकट, मग पिवळा झाला.

मी खूश. बाईंना टॉवेलची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तुजा टावेल पिवला झाला. त्यो काय पिवला नाय झाला." म्हणजे? म्हणजे जनावर बराच वेळ तिथंच होतं, आधी उभं, मग बसलेलं. कधी गेलं? "पयली यष्टी गेली, मंग उठला." पहिली एसटी पावणेसहाची. गाडी वेळेवर असेल तर तेव्हा अंधार होता आणि बाईंची चूक झाली. गाडी अर्धा तास उशिरा असेल, तर बाईंनी पुरेशा उजेडात काळा बिबट्या पाहिला. एका तालुक्यातला काळ्या बिबट्याचा सगळ्यात चांगला पुरावा त्या दिवशीची एसटी वेळेवर होती का, यावर येऊन अडला. मी चौकशी केली. तीन महिन्यांपूर्वीची पहाटेची गाडी किती वाजता गेली हे कुणाला सांगता आलं नाही. त्याच संध्याकाळी कुणी लिहून ठेवलं असतं तर आज मी इथं निकाल वाचून दाखवला असता.

बाकीच्या साक्षी मी भरभर सांगतो, कारण त्या तेवढ्याच लायकीच्या आहेत. टोकावड्याच्या रस्त्यावर मोटारसायकलसमोरून काळं काही सरकन गेलं: दिव्याच्या झोताच्या कडेला सगळंच काळं असतं. बांधावर उभा असलेला काळा वाघ, मागे उजळ आभाळ: आभाळासमोर पांढरा बैलही काळा दिसतो. पावसात भिजलेला. झाडाच्या गर्द सावलीतला. रात्री बॅटरीच्या उजेडात दोन डोळे आणि बाकी अंधार. काळं रानमांजर हाही प्रकार आहे, रानमांजरांतही असा काळेपणा क्वचित आढळतो, आणि भेदरलेल्या माणसाला ते केवढंही वाटू शकतं. दर पावसाळ्यात मोबाइलवर एक चित्रफीत फिरते, 'कसारा घाटात ब्लॅक पँथर'. मला ती आजवर सात जणांनी पाठवली आहे. नीट पाहिलं तर त्यात एका जीपच्या दारावर कन्नड अक्षरं दिसतात. अशा साक्षीला आम्ही कोर्टात ऐकीव म्हणायचो आणि टंकायचे कष्टही घ्यायचो नाही.

आता माझी स्वतःची साक्ष. डोळखांबकडून परतत होतो, जुलै महिना, संध्याकाळचे सात. रिक्षा बंद पडली म्हणून उतरलो आणि पुढच्या वळणावर काळं जनावर रस्ता ओलांडून खाली उतरलं. मी पाहिलं. मी, ज्यानं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका टंकल्या. सकाळी वनरक्षकाला घेऊन गेलो. भला माणूस होता. त्यानं विचारलं, शेपूट वर होतं की खाली? मला सांगता आलं नाही. आधी डावं अंग दिसलं की तोंड? सांगता आलं नाही. किती पावलं? मी म्हटलं पन्नास, मग म्हटलं तीस. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर काय होतं ते त्या दिवशी कळलं. मग त्यानं चिखलात ठसे शोधून काढले. गोल, चार बोटं, नखांची खूण नाही. कुत्र्याची नखं उमटतात, मांजराची आत असतात. आकारावरून बिबट्या, मोठा. "चला, तुमचं खरं ठरलं," तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि काळा?" तो हसला. "ठशात रंग येतो का, काका?"

या प्रकरणाची सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे. ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, मारलेली शेळी, करवतीसारखी रात्रीची खरखर, यांतल्या प्रत्येकावरून जाणता माणूस सांगेल की बिबट्या आहे. रंग यांतल्या कशातच नाही. विष्ठेतून जनुक काढून पाहता येईल, पण ते काम प्रयोगशाळेचं, पाड्यावरच्या माणसाचं नाही. झाडाला बांधलेला कॅमेरा रात्री अवरक्त प्रकाशात फोटो काढतो आणि ते काळेपांढरे असतात. गंमत म्हणजे त्या प्रकाशात काळ्या बिबट्याचे ठिपकेच उठून दिसतात. म्हणजे यंत्र त्याला ठिपक्यांचा करून दाखवतं आणि डोळा ठिपकेवाल्याला काळा करून. रंगाला साक्षीदार म्हणून शेवटी माणसाचा डोळा उरतो, आणि बिबट्या फिरतो तेव्हा नेमका हा साक्षीदार अधू असतो. म्हणून मी म्हणतो की इथं साक्ष घेणाऱ्याचं काम साक्षीदारापेक्षा मोठं आहे.

'एवढा मोठा प्राणी असता तर सगळ्यांना दिसला असता' असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी आजोबाची गोष्ट सांगतो. आपला आजोबा पर्वत नव्हे, आजोबा नावाचा बिबट्या. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा आणि शेपटीपाशी चिप बसवून माळशेज घाटात सोडला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखातं मिळून हा अभ्यास करत होते. पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या तिथंच राहतो का, हा प्रश्न होता. तो राहिला नाही. माळशेजहून निघाला, कसारा स्टेशनजवळ रूळ ओलांडले, महामार्ग ओलांडला, वसईच्या कारखान्यांजवळून गेला, खाडी पोहला आणि महिनाभरात संजय गांधी उद्यानात दाखल झाला. सुमारे १२० किलोमीटर. माळशेज म्हणजे मुरबाडचा माथा, कसारा म्हणजे शहापूरचं टोक. आपल्या दोन तालुक्यांच्या डोक्यावरून गळ्यात यंत्र घातलेला बिबट्या चालत गेला. कुणावर हल्ला नाही, कुठं बोंब नाही. तो जिथून गेला ते उपग्रहाला कळलं, गावांना कळलं नाही. २०११ च्या डिसेंबरात तो उद्यानाजवळ महामार्गावर गाडीखाली मेला आणि चिपवरून ओळखला गेला. २०१४ साली त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. त्या वाटेवर त्याला कुणी पाहिलं नाही, पण तो होता. तेव्हा 'कुणी पाहिलं नाही' हाही पुरावा धरू नका.

उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडचं. तिथं रानात बिबट्या नाही, तरी कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळावर वर्षानुवर्षं लोकांना मोठं काळं मांजर दिसत आलं आहे. १९९५ साली सरकारनं अधिकृत चौकशी केली आणि पुरावा नाही म्हणून सांगितलं. थोड्याच दिवसांत एका मुलाला तिथल्या नदीत बिबट्याची खरीखुरी कवटी सापडली. देशभर गहजब. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयानं ती उघडून पाहिली तर आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाची अंडकोशी. कवटी कुण्या दिवाणखान्यातल्या कातड्याच्या गालिच्याची होती. मला यात इंग्रज लोकांना हसायचं नाही. त्यांनी निदान चौकशी केली, लिहून काढली, छापली. आपल्याकडे खरा बिबट्या आहे आणि कागद कोरा आहे.

कोरा का, तेही सांगतो. माझ्या वहीतला एक साक्षीदार, भेंडीची शेती करणारा तरुण, काळं जनावर पाहिल्यावर सकाळीच एका कार्यालयात सांगायला गेला. तिथं त्याला पहिला प्रश्न विचारला, "रात्री किती घेतली होती?" दुसरा प्रश्न झालाच नाही. त्यानं पुढं बायकोलाही सांगितलं नाही. मला सांगायला त्यानं दोन वर्षं घेतली, आणि तोवर त्याच्या आठवणीतलं जनावर म्हशीएवढं झालेलं होतं. साक्ष ताजी असताना घेतली नाही की ती अशी वाढते, आणि मग आपणच म्हणतो, बघा, थापा मारतात.

पाड्यावरच्या जुन्या माणसांना या रंगाच्या भानगडीत फारसा रस नाही हेही मला कबूल केलं पाहिजे. वारल्यांच्या, ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या वाघोबाला वाघ-बिबट्या हा भेदसुद्धा नाही. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघोबा, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. शहरात ज्या दिवशी वसुबारस असते त्या दिवशी इकडे वाघबारस. वर्षातून एकदा मान द्यायचा आणि त्यानं गुरांकडे वाकडी नजर करायची नाही, असा जुना करार. मोह वेचणाऱ्या त्याच बाईंना मी शेवटी विचारलं की आजी, तुमच्या मते तो काळा का होता? त्या म्हणाल्या, "त्याला इचार." करार ज्याच्याशी झालाय त्याचा रंग विचारायची त्यांना गरज नाही. मला आहे, कारण मी कोर्टातला माणूस.

निकाल द्यायचा तर असा. माझ्या वह्यांतल्या बहुतेक साक्षी मी फेटाळतो, माझी स्वतःची धरून. मोहाखालच्या बाईंची साक्ष मी फेटाळत नाही आणि मान्यही करत नाही. तिच्यापुढं गुरुजींचेच दोन शब्द लिहितो: खरे असल्यास. शहापूर-मुरबाडच्या रानात काळा बिबट्या जन्माला येणं शक्य आहे, याहून पुढं मी जाणार नाही.

पुढं जायचं असेल तर तुमची मदत लागेल. वाचनालयाच्या चिटणीसांच्या परवानगीनं उद्या सकाळपासून पुस्तक देवघेवीच्या खिडकीशी एक वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल राहील. ज्याला काही दिसेल त्यानं त्याच दिवशी लिहावं. लिहिता येत नसेल तर खिडकीवरचे भाऊ लिहून घेतील, आणि किती घेतली होती हे विचारणार नाहीत. घड्याळातली वेळ, उजेड कुठून होता, जनावर कशाच्या शेजारी उभं होतं, शेपूट कसं होतं, एवढं हवं. जवळच्या झाडाला, बांधाला, वारुळाला खूण करून ठेवा, मोजायला मी सुतळी घेऊन येईन. त्याच्या मागं जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. जनावर वस्तीत शिरलं, जखमी असलं किंवा विहिरीत पडलं, तर वही बाजूला ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर आधी फोन करा.

वहीचं पहिलं पान कोरं नाही. त्यावर मी गुरुजींची १९६८ सालची नोंद जशीच्या तशी उतरवली आहे, अंतर २२ पावलं, वेळ उजाडताना.